ऐकलेले नाटक

१९७३ च्या पावसाळ्यात मी पुण्यास एम.ए.च्या पहिल्या वर्षात होतो. रावेर-यावलच्या बाजूचा मुलगा. आमच्याकडे जी पिकते तिला आम्ही केयी म्हणतो. तिला 'केळी' म्हणावयाचे असते हे मला पुस्तकामुळे माहीत होते, जिभेला माहीत नव्हते. मराठीचीच ही अवस्था, तेथे इंग्रजीची काय कथा! आमच्या इंग्रजीच्या सरांनी एकदा वर्गात माझ्याकडून एक परिच्छेद मोठ्याने वाचून घेतला. त्यावर ते काही बोलले नाहीत. तास संपल्यावर 'गुरुवारी संध्याकाळी घरी ये' एवढेच म्हणाले. व्याकरण शिकवतील अशी माझी समजूत होती. त्यांनी तबकडी लावली.

ती 'माय फेअर लेडी'ची होती. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर १९५६ साली आलेल्या या नाटकाच्या मूळ नटसंचाची. वेष्टनावर हर्शफेल्डचे रेखाचित्र होते : वर ढगांत दाढीवाला बर्नार्ड शॉ बसला आहे, त्याच्या हातातील दोऱ्यांना प्रोफेसर हिगिन्स लोंबकळतो आहे आणि हिगिन्सच्या हातातील दोऱ्यांना एलायझा. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आम्ही गावच्या जत्रेत पाहिला होता, त्यामुळे चित्र तेवढे समजले. गाण्यांतले पहिल्या दिवशी फारसे काही समजले नाही. इंग्रज माणसे आपल्याच भाषेची कशी दुर्दशा करतात याबद्दल एक गृहस्थ धड न गाता, धड न बोलता चिडून काहीतरी सांगत होते, आणि मला ते माझ्याबद्दलच आहे असे वाटत होते.

पुढे दीड-दोन वर्षे बहुतेक गुरुवारी ही तबकडी मी ऐकली. सरांनी एकदा आपला टेपरेकॉर्डर काढला, ध्वनिक्षेपकासमोर माइक ठेवला आणि मला एक प्रत करून दिली. ती घेऊन मी गावाकडे आलो, महाविद्यालयात नोकरीस लागलो, नाटकाची संहिता मिळवून वाचली, शॉचे 'पिग्मॅलियन' अनेक वर्षे शिकविले, चित्रपट पाहिला. मूळ प्रयोग पाहण्याचा प्रश्नच नव्हता. २७१७ प्रयोग होऊन तो १९६२ सालीच बंद झाला होता. आज निवृत्तीनंतर मागे पाहताना असे दिसते, की या सगळ्यात मी परत परत ज्याच्याकडे गेलो ते नाटक नव्हे, चित्रपटही नव्हे. ती तबकडी. याला केवळ स्मरणरंजन म्हणून मी स्वस्थ बसलो असतो. परंतु माझ्यापेक्षा फार वेगळ्या परिस्थितीतील हजारो श्रोत्यांचे असेच झालेले आहे. डी. ए. मिलर या अमेरिकन समीक्षकाने १९९८ साली ब्रॉडवेच्या म्युझिकलवर जे छोटे पुस्तक लिहिले, त्याच्या केंद्रस्थानी नाट्यगृह नाही. तळघरात एकटा बसून तबकड्या ऐकणारा मुलगा आहे. ('संगीतिका' हा आपला शब्द ऑपेराकडे झुकतो, म्हणून येथे म्युझिकल हाच शब्द ठेवतो.) तेव्हा प्रश्न असा, की जो प्रयोग आपण पाहिला नाही त्याचे हे ध्वनिमुद्रण इतकी वर्षे का टिकावे? गाणी चांगली आहेत, हे उत्तर अपुरे आहे. तीच गाणी पुढे किती तरी जणांनी म्हटली. याच प्रमुख नटांनी लंडनच्या प्रयोगानंतर १९५९ साली ती पुन्हा ध्वनिमुद्रित केली, तीही स्टिरिओमध्ये. १९५६ ची तबकडी मोनो आहे. तरी जाणकार तिच्याकडेच वळतात.

मूळ नटसंचाचे ध्वनिमुद्रण ही कल्पना अमेरिकेत रुळली तो प्रसंग १९४३ मधील 'ओक्लाहोमा!'चा. त्यापूर्वी तेथे नाटकातली गाणी बहुधा लोकप्रिय गायक-वादक आपापल्या परीने तबकडीवर आणीत. नाटकात ती कोण म्हणते याला महत्त्व नसे. डेका कंपनीच्या जॅक कॅप याने त्या नाटकातील नट, त्यातील समूहगायक आणि त्यातीलच वाद्यवृंद यांच्याकडून गाणी म्हणवून घेतली आणि अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांचा संच काढला. पुढे १९४८ साली कोलंबियाने एलपी आणली. तीन-साडेतीन मिनिटांची सक्ती गेली, एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वेळ मिळू लागला, आणि सुट्या गाण्यांऐवजी एक सलग क्रम ऐकविणे शक्य झाले. या शक्यतेचा अर्थ ज्याला सर्वांत आधी उमगला तो म्हणजे कोलंबियाचा गोडार्ड लीबरसन. 'साऊथ पॅसिफिक', 'वेस्ट साइड स्टोरी', 'जिप्सी' या तबकड्या त्याच्याच. 'माय फेअर लेडी'त तर त्याच्या आग्रहावरून कोलंबियाच्या मालक कंपनीने, सीबीएसने, नाटकाचे सारे भांडवल, सुमारे चार लाख डॉलर, स्वतःच घातले होते. नाटकाची तबकडी निघाली असे आपण म्हणतो. येथे तबकडीच्या पैशावर नाटक उभे राहिले असे म्हटले तर ते फारसे चूक होणार नाही.

नाटक १५ मार्च १९५६ रोजी उघडले आणि दहा दिवसांनी, २५ मार्चच्या रविवारी, मंडळी ध्वनिमुद्रणासाठी जमली. जागा होती मॅनहॅटनच्या तिसाव्या रस्त्यावरील कोलंबियाचा स्टुडिओ. पूर्वीचे ते एक चर्च. उंच छत, लाकडी जमीन आणि नैसर्गिक घुमारा. याच दालनात आदल्या वर्षी ग्लेन गूल्डने बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'चे आपले पहिले ध्वनिमुद्रण केले होते. हा योगायोग मला नेहमी सूचक वाटत आला आहे. पुढे गूल्डने मैफली सोडल्या, कारण ध्वनिमुद्रण ही मैफलीची छाया नसून स्वतंत्र कला आहे अशी त्याची धारणा होती. लीबरसनने असा सिद्धांत मांडला नाही. पण त्याची कृती तीच सांगते. त्या रविवारी त्या दालनात प्रेक्षक नव्हते, वेष नव्हते, हशा नव्हता, टाळ्या नव्हत्या. जे मुद्रित झाले तो कुठल्याच रात्रीचा प्रयोग नव्हता. म्हणजे ज्याला आपण 'मूळ' म्हणतो ते ज्याचे मूळ म्हणावे असे काही रंगमंचावर घडलेलेच नाही. यांत्रिक पुनरुत्पादनात कलाकृतीचे तेजोवलय लोपते, हे वाल्टर बेन्यामिनचे १९३६ मधील प्रसिद्ध प्रतिपादन येथे लावू गेल्यास अडचण होते. कारण येथे प्रत आहे, आणि ती ज्याची प्रत आहे ते मात्र नाही.

मग या तबकडीवर नेमके काय आहे? त्याहून, काय नाही? येथे थोडे थांबावयास हवे. सोळा भाग आहेत, पूर्वरंग धरून. अ‍ॅस्कॉटच्या शर्यतीचा समूहस्वर आहे; पण त्या प्रसंगातील ज्या संभाषणावर सारे नाट्यगृह हसे, ते नाही. हिगिन्सची आई नाही. कॅथलीन नेस्बिट या जुन्या जाणत्या अभिनेत्रीने ती भूमिका केली होती. परंतु त्या भूमिकेला गाणे नाही, म्हणून नाटकातील सर्वांत शहाणी व्यक्ती तबकडीवर अस्तित्वातच नाही. दूतावासातील नृत्यसमारंभ नाही. म्हणजे ज्या परीक्षेसाठी सारा खटाटोप, ती परीक्षाच नाही! सपाता फेकण्याचा प्रसंग नाही. रोमान इन्गार्डेनने साहित्यकृतीतील अनिश्चितीच्या स्थानांची जी चर्चा केली, आणि वोल्फगांग ईझरने वाचकाला कामाला लावणाऱ्या रिक्त जागांची, ती आम्ही कादंबरीच्या संदर्भात शिकलो आणि शिकविली. परंतु एखादी कृती जवळजवळ सबंध रिक्त जागांचीच असावी आणि तरी कोसळू नये, याचा मला आढळलेला सर्वांत चांगला नमुना ही तबकडी आहे. पहिले वर्षभर मला अ‍ॅस्कॉट म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. मी तेथे आमच्या गावचा बैलांच्या शर्यतीचा माळ उभा केला होता, आणि भारी कपड्यांतली माणसे त्या माळावर तोंड न हलवता गात होती. संहिता वाचल्यावर हा माळ पुसला जायला हवा होता. तो अजून गेलेला नाही.

आपल्याकडील नाट्यपदांच्या तबकड्यांशी तुलना केल्याशिवाय हा मुद्दा पुरा होत नाही. बालगंधर्वांची 'मानापमान', 'स्वयंवर' या नाटकांतील पदे ज्या पिढ्यांनी तबकड्यांवर ऐकली, त्यांतील किती जणांना ते पद कोण कोणाला, कुठल्या प्रसंगी म्हणते हे सांगता येईल? मला स्वतःला बऱ्याच पदांबाबत सांगता येत नाही, आणि त्यावाचून माझे काही अडत नाही. रंगमंचावर 'वन्स मोअर'गणिक वाढत जाणारे पद तबकडीवर तीन मिनिटांत आवळले जाई, आणि या आवळण्यात पहिल्यांदा गळून पडे ते नाटक. राहत तो राग, ती लय, तो गळा. हे मी दोष म्हणून सांगत नाही. आपली पदे नाटकातून सुटून मैफलीत जाऊ शकली ती त्यामुळेच. अमेरिकन म्युझिकलच्या गाण्याची जडणघडण उलट आहे. निदान लर्नर आणि लोवे यांच्या गाण्याची. ते गाणे प्रसंगाच्या कुशीतून उठते. कुणीतरी वाक्य अर्धवट बोलून गेलेले असते आणि सूर लागतो. म्हणून ते तबकडीवर येताना आपल्याबरोबर नाटकाचे मुळांसकट ढेकूळ घेऊन येते. ते ढेकूळ हाताला लागते, जमीन दिसत नाही.

त्यात हे नाटक आवाजाचेच. भाषेच्या अभ्यासकाने एका फुलवालीचे उच्चार बदलून तिचे सामाजिक स्थान बदलण्याची पैज घ्यावी, हे शॉचे कथासूत्र डोळ्यांसाठी नाहीच. रेक्स हॅरिसनला गाता येत नव्हते. वाद्यवृंदाची त्याला इतकी धास्ती, की न्यू हेवनच्या पहिल्याच प्रयोगाला त्याने रंगमंचावर जाण्याचे नाकारले होते. मोठ्या मिनतवाऱ्यांनी तो उभा राहिला. त्याच्यासाठी लोवेने थोड्याच स्वरांत फिरणाऱ्या चाली बांधल्या, आणि हॅरिसन त्या चालींच्या कडेकडेने बोलत गेला. कधी ठेक्याच्या पुढे, कधी मागे. हे व्यंग नाटकाच्या आशयाशी किती जुळले! ज्या माणसाला शब्दांवर हुकमत हवी आहे तो सुरांच्या स्वाधीन होत नाही. एलायझा मात्र होते. ज्युली अँड्र्यूज तेव्हा वीस वर्षांची होती. स्वच्छ इंग्रजी बोलणाऱ्या या मुलीला कॉकनी मेहनतीने शिकावी लागली, म्हणजे एलायझाच्या बरोबर उलट वाटेने जावे लागले. तालमीत तिला भूमिका सापडेना, तेव्हा दिग्दर्शक मॉस हार्टने बाकी सर्वांना सुटी देऊन दोन दिवस एकटीकडून काम करवून घेतले. प्रत्यक्षातही एका पुरुषाने एका मुलीला एलायझा 'केले' होते, हे नंतर समजल्यावर मी ती गाणी पुन्हा ऐकली. १९५६ च्या तबकडीत तिच्या आवाजात अजून एक कोवळी धार आहे. सूड घेण्याची स्वप्ने रंगविणाऱ्या 'जस्ट यू वेट'मध्ये ती धार लागते. १९५९ पर्यंत दोघेही सरावले होते. हॅरिसन तर आपल्या लकबींच्या प्रेमात पडल्यासारखा वाटतो. दुसरी तबकडी अधिक सफाईदार आहे, आणि तिच्यात कुणालाही कसलीच भीती वाटत नाही.

१९६४ च्या चित्रपटाविषयी एवढेच म्हणतो, की तेथे ऑड्री हेपबर्नच्या चेहऱ्याला बहुतेक गाण्यांत मार्नी निक्सनचा गळा आहे. वाणी हेच जिचे प्राक्तन, तिला उसना आवाज! तबकडीवर चेहरा नाही. पण आवाज तिचा आहे.

आता ज्या एका गाण्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येतो. दूतावासातील समारंभ यशस्वी करून मंडळी मध्यरात्री घरी परततात. पिकरिंग हिगिन्सला म्हणतो, हे तू केलेस. हिगिन्स थोडा लाजतो, मग खुलतो, मग त्या हंगेरियन तज्ज्ञाची फजिती रंगवून सांगतो, नोकरचाकर अभिनंदन करतात, आणि 'यू डिड इट' हे गाणे आनंदाच्या उकळ्या फुटत शिखरास जाते. माझ्या पहिल्या आवडत्या गाण्यांतले ते एक. सर आणि मी ते मिळून म्हणत असू. सर हिगिन्स, मी पिकरिंग. त्या सुमारास माझे वाचन बरेच सुधारले होते, आणि गाणे संपल्यावर सर माझ्या पाठीवर थाप मारीत ती पिकरिंगच्या पाठीवर की एलायझाच्या, हे मी स्वतःस कधी विचारले नाही.

पुढे केव्हातरी संहिता हाती आली आणि त्या पानावर मी अडखळलो. एलायझा तेथे आहे. सबंध गाणेभर ती त्याच खोलीत उभी आहे. तिच्याकडे कुणी पाहत नाही, तिला कुणी काही विचारत नाही, आणि ती काही बोलत नाही. शॉच्या चौथ्या अंकातही असेच आहे. रंगमंचावर प्रेक्षकाला हे दिसते. त्याचे कान हसत असतात तेव्हा त्याचे डोळे त्या पुतळ्यासारख्या मुलीवर असतात, आणि या दोहोंच्या ओढाताणीत त्या प्रसंगाचा अर्थ आहे. तबकडीवर ही ओढाताण नाही. जी बोलत नाही ती तबकडीवर नसते. इतकी वर्षे मी एका रिकाम्या खोलीतला जल्लोष ऐकत होतो. त्यानंतर एलायझाचा जो स्वर तबकडीवर उमटतो तो एकदम 'शो मी'मध्ये : फ्रेडी प्रेमाची शब्दफुले उधळू लागतो आणि ती त्याच्यावर उसळते, की तिला शब्दांचा वीट आला आहे. मधला प्रसंग नसल्याने हा संताप मला नेहमी अवास्तव वाटे. बायकांचा स्वभाव, असेही कदाचित मी मनात म्हटले असेन.

तबकडीची ही उणीव आहे काय? बराच काळ मी तसे समजत होतो. आता समजत नाही. रंगमंचाचा प्रेक्षक हिगिन्सपेक्षा शहाणा असतो, कारण त्याला ती दिसते. तबकडीचा श्रोता हिगिन्सच्याच जागी बसविला जातो. तोही तिला विसरतो; आणि ज्या दिवशी त्याला कळते, त्या दिवशी कळते ते नाटकाविषयी नसून स्वतःविषयी असते.

मला ते कळले तेव्हाची गोष्ट सांगितली पाहिजे. १९८८ साली आमच्या महाविद्यालयातील एका मुलीला मी वक्तृत्वस्पर्धेसाठी तयार केले. मराठी वक्तृत्व. मुलगी तापीकाठच्या एका खेड्यातली, हुशार, आणि 'डोळे'ला 'डोये' म्हणणारी. दोन महिने रोज तासभर बसवून मी तिचा एकेक ळ आणि एकेक ण घासला. तिने विद्यापीठाची ढाल आणली. शिक्षककक्षात चहा झाला. मी काय काय युक्त्या केल्या ते मी सांगितले, सहकाऱ्यांनी दाद दिली, प्राचार्य म्हणाले की हे तुमचेच यश. ढाल घेऊन ती दाराजवळ उभी होती. ती उभी होती हे मला त्या वेळी दिसले नसावे, कारण ते आठवू लागले पुढील वर्षी, जेव्हा स्पर्धेसाठी मी तिला पुन्हा बोलावले आणि ती नाही म्हणाली. कारण विचारले. 'ते बोलणं तुमचं होतं, सर,' ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. वर्गात ती त्यानंतर फारशी बोललेली मला आठवत नाही. त्याच रात्री मी टेप लावली असे सांगितले तर ते कथेसारखे होईल. तसे झाले नाही. पुष्कळ महिन्यांनी, दुसरेच काही ऐकताना ते गाणे आले, आणि मी ते मध्येच बंद केले.

'पिग्मॅलियन' मराठीत पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली 'ती फुलराणी' म्हणून आणले. त्यातील मंजुळेचे सूडाचे स्वगत भक्ती बर्वे यांच्या आवाजात महाराष्ट्राने ऐकले आणि पाठ केले. स्नेहसंमेलनांतून, स्पर्धांतून किती मुलींनी ते म्हटले असेल! शॉच्या नाटकात अशी जागा नाही. एलायझाला एकटीला उभे करून मास्तरावरचा राग मनसोक्त बोलू देण्याची कल्पना म्युझिकलची, 'जस्ट यू वेट'ची. पु.लं.नी शॉचे रूपांतर केले खरे; पण या एका ठिकाणी त्यांच्या कानात लर्नर-लोवे होते असे मला वाटते. आणि आपल्याकडेही नाटकाबाहेर सर्वाधिक जगले ते हेच स्वगत, म्हणजे मुलीचा एकटीचा आवाज. भक्ती बर्वे २००१ साली गेल्या. ज्यांनी त्यांना रंगमंचावर पाहिले नाही तेही त्यांच्या आवाजावरून त्यांना ओळखतात.

शेवटाचा प्रश्न उरतो, आणि तो या नाटकाचा जुना प्रश्न आहे. एलायझा हिगिन्सकडे परतत नाही, ती फ्रेडीशी लग्न करते, असे शॉने १९१६ च्या आवृत्तीस उत्तरकथन जोडून बजावले. तत्पूर्वी १९१४ च्या लंडनमधील प्रयोगात हिगिन्स झालेला ट्री पडदा पडता पडता एलायझाकडे फुले फेकी, आणि शॉ संतापे. १९३८ च्या 'पिग्मॅलियन' चित्रपटाने तिला परत आणले. लर्नरने तोच शेवट घेतला आणि छापील आवृत्तीत शॉची क्षमा मागून म्हटले, की शॉचे बरोबर आहे याची आपल्याला खात्री नाही. २०१८ साली लिंकन सेंटरच्या निर्मितीत बार्टलेट शेर या दिग्दर्शकाने एलायझाला परत आणून पुन्हा निघून जाऊ दिले, थेट प्रेक्षकांमधून. रंगमंचावरचा मूळ शेवट असा : हिगिन्स आपल्या अभ्यासिकेत येतो, यंत्र चालू करतो आणि एलायझाचे जुने, अशुद्ध बोलणे ऐकत बसतो. म्हणजे तोही अखेर एक तबकडी ऐकणारा माणूस. तेवढ्यात ती हलकेच आत येते, यंत्र बंद करते आणि आपले जुने वाक्य स्वतः बोलते. तो टोपी डोळ्यांवर ओढून सपाता कुठे आहेत म्हणून विचारतो.

तबकडीवर हे काही नाही. तेथे शेवटचे गाणे हिगिन्सचे आहे, तिच्या चेहऱ्याची सवय झाल्याची कबुली देणारे, आणि ते संपले की सुई मधल्या रिकाम्या वर्तुळात फिरत राहते.

सर २००३ साली गेले. त्या दिवाळीनंतर मी काकूंना भेटावयास गेलो. खोली तशीच होती. रेकॉर्ड प्लेअरवर भरतकामाचा रुमाल घातलेला होता. काकू त्या गुरुवारी संध्याकाळी आम्हां दोघांना चहा देऊन आत जात; तबकडी उलटावयाची वेळ झाली की सर मोठ्याने 'झाली गं' म्हणत आणि त्या हात पुसत येऊन ती उलटीत, कारण सरांचा हात कापे. माझ्याजवळच्या टेपमध्ये 'ऑन द स्ट्रीट व्हेअर यू लिव्ह'च्या मधोमध आतून पातेले पडल्याचा आवाज आहे, आणि 'दूध नासलं बहुतेक' असे त्यांचे वाक्य. फ्रेडी रस्त्यावर उभा राहून त्या घराकडे पाहत गात असतो. पुढे मी सीडी घेतली तेव्हा त्या जागी काही ऐकू आले नाही आणि मला गाणे चुकल्यासारखे वाटले. हे मी काकूंना सांगितले. त्या हसल्या.

मग म्हणाल्या, 'एक विचारू का रे? तुम्ही दोघं इतकं ऐकत होतात, म्हणून तेव्हा कधी विचारलं नाही. ती मुलगी शेवटी परत येते का?'

मी म्हटले, नाटकात येते.

'हेही तसंच म्हणायचे. मला इंग्रजी काही कळत नाही. पण मी आतून ऐकायचे ना, तेव्हा वाटायचं की नाही येत. तो एकटाच बोलतोय शेवटी, आणि तिचा आवाजच नाही कुठे.'

त्यांनी रुमाल काढला, तबकडी लावता येते का पाहा म्हणाल्या. पट्टा सैल झाला होता. ती लागली, पण हळू फिरत होती. हॅरिसनचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा वाटत होता. आम्ही ती शेवटपर्यंत ऐकली.